टर्बो बसवला तो ऑक्टोबर

पाऊस ओसरला की शनिवारी सकाळी मांडव्याच्या जेटीवर मुंबईच्या गाड्या उतरतात आणि अर्ध्या तासात आमच्या चोंढीच्या नाक्यावरून किहीमकडे वळतात. सहामाहीचे पेपर पिशवीत घेऊन मी रस्ता ओलांडायला उभी असते. एकेक गाडी समोरून जाते, आणि कितीतरी गाड्यांच्या पाठीवर, डिकीच्या कोपऱ्यात, चकचकीत अक्षरांत 'टर्बो' असं लिहिलेलं असतं. गाडीवाल्यांना त्याचं काही वाटत नसणार. कारखान्यातूनच बसवून आलेली वस्तू. मी मात्र ती अक्षरं दिसली की नजर दुसरीकडे वळवते. दुसरीकडे म्हणजे शेतात. तिथे भात पिवळं झालेलं असतं, कापणीला आलेलं. उन्हात त्याचा एक कोरडा, गोडसर वास सुटतो. तो नाकात गेला की मग बघायला कुठलीच बाजू उरत नाही.

आमच्या किनाऱ्याचं कौतुक लोक पावसासाठी करतात, नाहीतर डिसेंबरच्या गार सकाळींसाठी. मधल्या ऑक्टोबरला कोणी विचारत नाही. कुंपणाच्या भिंतीवरचं शेवाळ या दिवसांत वाळून काळं पडतं आणि त्याचे पोपडे निघतात. वाडीत चतुर घिरट्या घालतात. ऊन असं असतं की दुपारी लोखंडाला हात लावता येत नाही. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात मात्र आमच्या अंगणात सकाळपासून लोखंडच वाजत होतं.

अण्णा म्हणजे माझे वडील. नारळ-सुपारीच्या वाडीवाल्या घरात जन्मले. भाऊबंद कोणी मास्तर झाले, कोणी कचेरीत लागले. अण्णांनी नाक्यावर मोटारींचं गॅरेज टाकलं. सुरुवातीला नातेवाइकांनी नाकं मुरडली, आणि पुढे सगळ्यांच्या गाड्या तिथेच यायला लागल्या. गाडी गॅरेजच्या दारात पोचायच्या आधी, नुसती वळणावरून येताना ऐकून अण्णा सांगायचे, "बेल्ट सैल झालाय," किंवा "दुसरा प्लग गेलाय." बोनेट नंतर उघडायचे, तेही बहुतेक समोरच्या माणसाची खात्री पटावी म्हणून.

त्या वर्षी शिमगा झाल्यावर आठवड्याने त्यांना झटका आला. उजवा हात गेला, पाय ओढत चालायला लागले, आणि वाचा गेली. अगदी सगळी नाही. एक शब्द उरला. 'बरं.'

अलिबागच्या डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, "त्यांना सगळं कळतंय. काय बोलायचंय तेही आत तयार असतं. पण बाहेर येताना हा एकच शब्द येतो. हो म्हणायचं असलं तरी तोच, नको म्हणायचं असलं तरी तोच. मान हलवण्यावरही जाऊ नका, तिथेही उलटसुलट होतं. त्यांच्याशी बोलत राहा. आवडीच्या गोष्टीत गुंतवा."

आई आधीच गेलेली. मी लग्न केलेलं नव्हतं, शाळा घरापासून चालत दहा मिनिटांवर. तेव्हा अण्णा आणि तो शब्द, दोन्ही माझ्या वाट्याला आले. सुरुवातीला आम्ही दोघंही रडकुंडीला यायचो. ते पाण्याच्या तांब्याकडे बघून 'बरं' म्हणायचे, मी पाणी द्यायचे, ते तांब्या ढकलून द्यायचे, कारण त्यांना तांब्यामागचा चष्मा हवा असायचा. पण माणूस शिकतो. दोन-तीन महिन्यांत मला त्या एका शब्दातले वेगवेगळे शब्द ऐकू यायला लागले. भुकेचं 'बरं' आखूड, तुटक. कंटाळ्याचं लांबट, खाली घसरत जाणारं. आईच्या फोटोसमोर म्हटलेलं जवळजवळ आवाजाशिवायचं. आणि दुखत असलं किंवा भीती वाटली की ते वर चढत जायचं आणि टोकाला फाटायचं. न्हाणीघरात पाय घसरला तेव्हा तसं ऐकलं होतं. रस्त्यावरच्या कुत्र्याच्या अंगावर रिक्षा येताना पाहिली तेव्हाही.

"ताई, तू अण्णांची दुभाषी झाल्येस," मकरंद म्हणायचा. मकरंद माझा धाकटा भाऊ. तो उरणला कंटेनर ओढणाऱ्या ट्रेलरच्या वर्कशॉपमध्ये कामाला होता आणि शनिवार-रविवार घरी यायचा. त्याला अण्णांचं काही म्हणजे काही कळायचं नाही. तो समोर बसायचा, हात हातात घ्यायचा, दहा प्रश्न विचारायचा, दहा वेळा 'बरं' ऐकायचा आणि मग उठून उगीच वाडीत चक्कर मारून यायचा. येताना डोळे लाल असायचे. माझ्याशी अण्णा बोलतात आणि आपल्याशी नाही, असं त्याला वाटत असावं. तसं ते पूर्वीही फार बोलत नव्हते.

त्याचं कारण घरातली पांढरी गाडी. पेट्रोलची, चौकोनी पाठीची, बावीस वर्षांची. मकरंद विशीत होता तेव्हा त्याने तिला टर्बो बसवायचं डोक्यात घेतलं होतं. अण्णा तेव्हा जेवता जेवता म्हणाले होते, "अरे, हे इंजिन आपलं आपण हवा ओढतं, लागेल तेवढीच. टर्बो काय करतो? बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर चक्र फिरवतो आणि जास्तीची हवा आत कोंबतो. हवा वाढली की पेट्रोल त्या मापात वाढायला लागतं, ठिणगीची वेळ बदलायला लागते. जरा चुकलं की आत वेळेआधी भडका उडतो आणि पिस्टन जातो. ज्याला टर्बो लावायचा ते इंजिन पहिल्यापासून तसं घडवतात. हे तसं नाही."

"तुम्हाला नवीन काही करायचंच नसतं," मकरंद म्हणाला होता.

"असं समज."

एवढंच. पण त्या वर्षीची दिवाळी दोघांनी एकमेकांशी न बोलता काढली, आणि नंतर मकरंद अण्णांच्या गॅरेजमध्ये न येता उरणला गेला.

म्हणून त्या सप्टेंबरच्या शेवटी तो गोणपाटात गुंडाळलेली एक जड वस्तू घेऊन आला आणि अण्णांच्या खुर्चीसमोर बसून त्याने गोणपाट उलगडलं, तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारातच थांबले. भंगारात निघालेल्या एका छोट्या डिझेल गाडीचा टर्बो होता तो. गोगलगायीच्या शंखासारखा, आत बारीक पात्यांचं चक्र.

"अण्णा, डॉक्टर म्हणाले ना आवडीच्या कामात गुंतवा. आपण दोघं मिळून करू. तुम्ही इथे बसायचं, बघायचं, मी चुकलो की थांबवायचं. बसवू का?"

अण्णांनी डावं बोट पुढे करून ते चक्र फिरवलं. ते बराच वेळ फिरत राहिलं. अण्णा ते थांबेपर्यंत बघत होते.

"बरं," ते म्हणाले.

मकरंदने माझ्याकडे पाहिलं. "हो म्हणाले ना?"

खरं सांगायचं तर ते हो नव्हतं, आणि नाहीही नव्हतं. चांगलं बनवलेलं यंत्र हातात आलं की अण्णा पूर्वी "वा" म्हणायचे, तसं काहीसं होतं. पण मकरंदचा चेहरा असा झाला होता की मी म्हटलं, "हो म्हणाले."

पुढचे चार आठवडे आमच्या अंगणात जत्रा भरल्यासारखं होतं. मकरंदने वर्कशॉपमधून रजा काढली. अण्णांचा जुना वेल्डर धर्मा रोज सकाळी टेम्पो घेऊन यायचा. टर्बो बसायला इंजिनाजवळचा धुराचा पाइप नव्याने बनवायचा होता, त्याचं वेल्डिंग धर्माने केलं. "बाय, चहा टाक," तो आल्या आल्या मला सांगायचा, "अन् अण्णांच्या कपात साखर जास्ती. आज लय काम हाय त्यांना."

आणि खरंच असायचं. अण्णांची खुर्ची जांभळीच्या सावलीत मांडलेली, डाव्या हाताशी पान्यांची पेटी. मकरंद गाडीखालून हात बाहेर काढायचा आणि मागायच्या आधी अण्णा त्याच्या तळव्यावर पाना ठेवायचे. प्रत्येक वेळी बरोबर मापाचा. मकरंद गाडीखालून बोलत असायचा, सतत. उरणच्या गोष्टी, ट्रेलरवाल्या सरदारजींच्या गोष्टी, लहानपणी अण्णांनी मारल्याच्या गोष्टी. इतकं तो त्यांच्याशी आयुष्यात बोलला नव्हता. अण्णांचा चेहरा उजव्या बाजूने ओघळला होता, पण डाव्या बाजूने ते हसायचे. संध्याकाळी मी त्यांचे हात धुवायला बसायचे तेव्हा नखांत पुन्हा ग्रीस असायचं. मी ते पूर्ण काढायचे नाही.

शाळेतून येताना लांबून ठोकाठोक ऐकू यायची आणि मला हलकं वाटायचं. बाजूच्या शेतांतून कापणी सुरू झाली होती. भाताचे भारे डोक्यावर घेऊन बाया बांधावरून जायच्या. घरी चहाची चार भांडी विसळायची असायची. मला तो ऑक्टोबर संपायला नको होता, हे मी आता स्वतःशी कबूल करते.

एक गोष्ट मात्र दिसत होती. अण्णा अधूनमधून खुर्चीतून उठायचे, पाय ओढत गाडीपाशी जायचे आणि पेट्रोलच्या नळीवर बोट ठेवायचे. "बरं. बरं."

"हो अण्णा, पेट्रोल वाढवलंय. मोठा पंप टाकलाय," मकरंद सांगायचा.

अण्णा बोट उचलायचे नाहीत.

"नवी मुंबईत एक माणूस आहे, तो लॅपटॉप लावून सगळं माप बसवून देतो. दिवाळीनंतरची वेळ दिल्येय त्याने. तोवर गाडी बाहेर काढायचीच नाही."

मग अण्णा हात काढून घ्यायचे.

दिवाळीपर्यंत मकरंदला धीर निघाला नाही. रजा संपत आली होती. रविवारी सकाळी त्याने इंजिन चालू केलं, अंगणात दहा मिनिटं ठेवलं, सगळं ठीक होतं. तो घरात आला. "ताई, अण्णांना तयार कर. एकच फेरी. हळू नेतो. निदान त्यांनी बघायला तर हवं, आपण काय केलंय ते."

"त्या माणसाने माप बसवायचं होतं ना?"

"जोर द्यायचाच नाही. नुसतं फिरून यायचं."

अण्णांना पुढच्या सीटवर बसवलं. मी मागे, मकरंदच्या पाठीशी. कनकेश्वर फाट्यावरून आम्ही कार्लेखिंडीच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना कापलेली आणि न कापलेली शेतं. गाडी खरोखर छान चालत होती. मकरंदने किंचित पाय दाबला की बोनेटमधून बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा आणि गाडी पुढे सरकायची, जशी ती बावीस वर्षांत कधी सरकली नव्हती. अण्णा हसले. आवाज करून हसले. झटक्यानंतर ते हसू मी पहिल्यांदा ऐकलं.

"बघा अण्णा! नको म्हणत होतात!" मकरंद ओरडला. तोही हसत होता. दोघं एकाच वेळी हसताना मी त्यांना कधी पाहिलं होतं, आठवेना.

मग खिंडीचा चढ आला. हळू न्यायचं ठरलं होतं, पण समोर चढ आणि बाजूला हसणारे अण्णा. मकरंदने पाय दाबला, आणि दाबलेला ठेवला.

पहिल्यांदा अण्णांचं हसू थांबलं. त्यांनी मान कलती केली, गॅरेजच्या दारात उभे राहून वळणावरची गाडी ऐकायचे तशी. मग म्हणाले, "बरं."

"बरं ना?" मकरंद म्हणाला.

"बरं. बरं!" त्यांनी डाव्या हाताने समोरच्या डॅशबोर्डवर थाप मारली.

"आवडलं! ताई, बघ, आवडलं त्यांना!"

"बरं! बरं! बरं!" थापा वाढल्या. मकरंदला त्यात शाबासकी ऐकू येत होती. आयुष्यभर न मिळालेली शाबासकी. त्याने आणखी पाय दाबला.

आणि अण्णांनी मान वळवली. मकरंदकडे नाही, माझ्याकडे. पूर्ण मागे वळून, पट्ट्यात अडकलेलं अंग पिळवटून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तोच शब्द म्हणाले. तो वर चढत गेला आणि टोकाला फाटला.

मला कळलं होतं. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली. त्या क्षणी मला स्पष्ट कळलं होतं की अण्णा घाबरलेत, थांबव म्हणताहेत. इंजिनाचा आवाजही मला कळला होता. गॅरेजवाल्याची मुलगी आहे मी. डब्यात खडे हलवल्यासारखी ती कडकड म्हणजे आत वेळेआधी भडका उडतोय, हे मला दहाव्या वर्षापासून माहीत होतं. 'मकरंद, थांब' एवढे दोन शब्द. माझं तोंड धड होतं, जीभ धड होती. पण समोरच्या आरशात मला मकरंदचे डोळे दिसत होते, ओले आणि आनंदाने फुललेले, आणि मला वाटलं, अजून एक क्षण राहू दे त्याला. चढ संपेपर्यंत. मी अण्णांच्या डोळ्यांवरून नजर काढली आणि बाहेर शेताकडे पाहिलं.

किती वेळ गेला असेल? पाच सेकंद, सात सेकंद. मग खालून एक दणका बसला, गाडीला गचका आला, आणि मागे निळ्या धुराचा लोट उठला. गाडी आपल्या जोरावर थोडी पुढे जाऊन कडेला थांबली.

शेतात भात कापणाऱ्या दोन बाया विळे तसेच हातात घेऊन धावत आल्या. एकीने कळशीतलं पाणी अण्णांना पाजलं. "काय झाला गो? म्हाताऱ्याला लागला न्हाय ना?" कोणालाच लागलं नव्हतं. मकरंद बोनेटसमोर उभा होता आणि तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "आत्ता तर नीट चालत होती." अण्णा सीटवर बसून होते. डोळे मिटलेले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

धर्माने टेम्पोला दोर बांधून गाडी घरी आणली. दुसऱ्या दिवशी अंगणात इंजिन उघडायला घेतलं. वरचं झाकण सुटायच्या आधी मकरंद उदासपणे, उत्तराची अपेक्षा न ठेवता म्हणाला, "अण्णा, कितवा गेला असेल?"

अण्णांनी डाव्या हाताची तीन बोटं वर केली.

झाकण निघालं. पहिला पिस्टन ठीक. दुसरा ठीक. तिसऱ्याची कड वितळून गेली होती, नखाएवढा तुकडा जागेवर नव्हता. चौथा ठीक.

मकरंद त्या वितळलेल्या कडेकडे बघत राहिला. मग अण्णांकडे. "म्हणजे तुम्हाला ऐकू आलं होतं. फुटायच्या आधी. तुम्ही सांगत होतात मला."

अण्णांनी वर केलेली बोटं मिटली.

"अन् मी पाय दाबतच गेलो. मला वाटलं, खूश आहेत."

"त्यांचे कानाला सगला कलतं," धर्मा हळूच म्हणाला. "पर सांगनार कसं? तुझी काय चूक न्हाय, पोरा."

मकरंद तिथेच जमिनीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. अण्णांनी कपडा घेतला, तो निघालेला पिस्टन मांडीवर ठेवला आणि एका हाताने पुसायला लागले. तेल निघालं, काजळी निघाली, तरी ते पुसतच राहिले. मी हातात चहाचा ट्रे घेऊन पायरीवर उभी होते. सांगायची वेळ होती ती. धर्माने 'तुझी चूक न्हाय' म्हटल्यावर लगेच. मी ट्रे खाली ठेवला आणि कप भरले.

त्या दिवसानंतर अण्णा तो शब्दही बोलले नाहीत. डॉक्टर म्हणाले, असं होऊ शकतं, मेंदूचं काही सांगता येत नाही. असेल तसं. मी त्यांना भरवायचे, त्यांचे पाय चेपायचे, वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. ते बघायचे, ऐकायचे. भूक लागली, दुखलं, कंटाळा आला, काहीही झालं तरी घरात आवाज नसायचा. कधीकधी मी त्यांच्यासमोर बसून विचारायचे, "अण्णा, माझ्यावर रागावलात?" आणि मग थांबायचे, त्या जुन्या शब्दाच्या कुठल्याही तऱ्हेसाठी. पुढच्या श्रावणात ते गेले, झोपेत.

गाडी धर्मा घेऊन गेला. मकरंद उरणलाच आहे, आता वर्कशॉपचा मुख्य झालाय. त्याच्या हाताखाली बारा माणसं आहेत. असं ऐकते की कुठल्याही इंजिनात जरा वेगळा आवाज आला तर तो सगळं काम थांबवायला लावतो आणि माणसं त्याच्यामागे हसतात.

परवा रविवारी तो आला होता. जेवायला बसलो. मी भाकरी वाढत होते. बोलता बोलता तो थांबला, ताटाकडे बघत म्हणाला, "ताई, एक विचारू? रागावणार नाहीस?"

"विचार."

"तुला तर अण्णांचं सगळं कळायचं. त्या दिवशी खिंडीत कसं काय नाही कळलं?"

आवाजात आरोप नव्हता. उलट त्याला बहुधा एवढंच हवं होतं की जे मला कळलं नाही ते त्याला तरी कुठून कळणार होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने विचारलं होतं. समोर माझा भाऊ होता, त्याचे केस कानाशी पांढरे झाले होते, आणि माझ्यापाशी हवे ते सगळे शब्द होते.

"काचा खाली होत्या ना रे," मी म्हटलं. "वाऱ्यात काही ऐकूच आलं नाही."

मग त्याने मान हलवली. "हो. वारा होता खरा," म्हणाला, आणि त्याने भाकरीचा तुकडा मोडला. त्याचे खांदे जरा सैल झाल्यासारखे मला वाटले.

काचा बंद होत्या. अण्णांना वारा बाधू नये म्हणून निघताना मीच त्या वर केल्या होत्या, चारही.